दादाची पैज आणि हॅलिफॅक्सची गारठलेली मॅच

कॅनडाहून परत आल्यापासून गल्लीत मला दोनच प्रश्न येतायत. धबधबा बघितला का, आणि थंडी किती होती? धबधबा मी बघितला नाही. आणि थंडीचं विचारायचं असेल तर आधी बूड टेकून बसा, कारण गोष्ट लांबणार आहे. मी गेले होते भावाकडं चार दिवस आराम करायला. पोचले कुठं, तर समुद्राकाठच्या एका उघड्या मैदानावर, एकावर एक दोन कानटोप्या घालून, पन्नासेक वर्षांपूर्वीच्या फुटबॉल मॅचच्या आठवणी ऐकायला!

आता कोल्हापूरच्या बाईला फुटबॉलचं कौतुक कुणी सांगायची गरज नाही. आमच्याकडं पेठेची टीम हरली की त्या रात्री आमटीत मीठ नसलं तरी कुणी चकार शब्द काढत नाही. पण ही मॅच वेगळी. हिच्यावर माझ्या दादाचं राहतं घर लागलं होतं.

रिचमंड हिल

माझा थोरला भाऊ विश्वास टोरांटोच्या उत्तरेला रिचमंड हिलमध्ये राहतो. मोठं घर, मागं बाग, बागेत बर्फ. रस्त्यावर माणूस म्हणून दिसत नाही. दिसलं तर कुत्रं, तेही मालकाबरोबर आणि स्वेटर घालून. पहिल्या दिवशी मी दार उघडून शेजारच्या बाईला "काय, झालं का जेवण?" अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत विचारलं. ती बिचारी घाबरून म्हणाली, "एव्हरीथिंग ओके?" इथं जेवणाची चौकशी केली की लोकांना वाटतं काहीतरी अडचण आहे.

दादाचं मराठी मात्र तो गेला त्या वर्षीच थांबलंय. आज कोल्हापुरातली पोरंसुद्धा बोलत नाहीत असं अस्सल तो बोलतो. "सुमे, दार लाव की गं, सगळी ऊब पळून चालली!" ऐकलं की मला वडीलच बोलतायत असं वाटतं.

तर ती मॅच. लग्नानंतर तीन महिन्यांत दादा शिकायला हॅलिफॅक्सला गेला. शालूवहिनीचा व्हिसा अडकला, म्हणून ती वर्षभर कोल्हापुरात आमच्याकडंच राहिली. तो निघताना तिनं आणि आईनं जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून त्याच्या ट्रंकेत कोंबली होती. त्याच हिवाळ्यात कॉलेजची फुटबॉलची फायनल झाली. दादा म्हणतो, अशी थंडी पडली की निम्मे लोक घरी पळाले. चुन्याच्या रेघा बर्फाखाली गेल्या, तेव्हा लोकांनी डोक्यावरच्या टोप्या काढून बर्फावर ओळीनं ठेवल्या आणि गोलची रेघ केली. शेवटच्या मिनिटाला एक गडी बॉल छातीशी धरून पोटावर घसरत आला, तो थेट टोप्यांच्या पलीकडं. आणि दादा हे सगळं गोधडी पांघरून बघत होता.

आता कुणाला खरं वाटेल? आमच्या घरात या गोष्टीचं नावच 'दादाची थाप' पडलं. तोही हसायचा. पण दीड वर्षापूर्वी शालूवहिनी गेली, आणि तेव्हापासून त्या थापेत तीपण येऊन बसली. "ही होती की माझ्या डाव्या बाजूला! एकाच गोधडीत आम्ही दोघं!" असं दादा सगळ्यांना सांगायला लागला.

मी म्हटलं, "दादा, अरे वहिनी त्या हिवाळ्यात आमच्याकडं होती. माझ्याच अंथरुणाशेजारी झोपायची ती."

"तू बारकी होतीस. तुला काय कळतंय!"

बारकी होते, पण आंधळी नव्हते. तरी मी गप्प बसले.

त्याचा मुलगा निखिल गप्प बसणाऱ्यातला नाही. तो मॉन्ट्रियलजवळ लव्हालला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. वीकेंडला बापाला बघायला गाडी हाणत आला आणि कोट काढायच्या आधीच माझ्याशी कुजबुजायला लागला. "आत्या, ही इज मिक्सिंग थिंग्ज अप. दोनदा स्टोव्ह ऑन राहिला. आईबद्दल काहीही सांगतात. एकटे कसे राहणार? घर विकून माझ्याकडं या म्हणतोय. बेसमेंट पूर्ण फिनिश केलंय मी, सेपरेट वॉशरूमसकट."

"बेसमेंटमध्ये बटाटे ठेवतात!" दादा आतून ओरडला. कान मात्र तिखट आहेत अजून. "आणि तुझ्या लव्हालात सगळे फ्रेंच बोलतात. मी या वयात बोंझूर-बोंझूर करत दूध आणायला जाऊ?"

झाली जुंपली. बाप मराठीत, मुलगा इंग्रजीत, आणि मधे मी पोहे घेऊन उभी. शेवटी दादानं टेबलावर हात आपटला.

"हॅलिफॅक्सला त्या मॅचचे लोक दरवर्षी मैदानावर जमतात. मी कधी गेलो नाही. यंदा जाऊ. तिथं एकानं जरी सांगितलं की मी होतो आणि ही माझ्या शेजारी होती, तर तू घराचं नाव काढायचं नाहीस. नाही सांगितलं, तर लाव घराला पाटी. मी मुकाट्यानं लव्हालला येतो."

निखिलनं लगेच "डील!" म्हणून हात पुढं केला. वहिनी तिथं नव्हती हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे दादा पैज हरायलाच निघाला होता, आणि त्याला अडवायची माझी छाती होत नव्हती.

हॅलिफॅक्स, पोचलो तो दिवस

विमानाचं काही सांगत नाही, विमानं सगळीकडं सारखीच. हॅलिफॅक्स मात्र मला पाहताक्षणी आवडलं. उतरते रस्ते, लाकडी रंगीत घरं, प्रत्येक रस्त्याच्या तळाशी समुद्र. लोक बोलके. बसमधून उतरताना सगळे ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात. मी पण म्हटलं, आणि सवयीनं वर "सावकाश जावा" असंही म्हटलं. त्यानं मान डोलावली. काही गोष्टी कळतात माणसांना.

पण वारा! रिचमंड हिलची थंडी कोरडी, अंगावर येते आणि बाहेरच थांबते. इथली ओली थंडी बाह्यांतून आत शिरते आणि मुक्कामाला राहते. मी सुनेचा, म्हणजे निखिलच्या बायकोचा कोट घालून आले होते. ती कंबरेनं काडी, मी कोल्हापूरची. कशीबशी चेन ओढली, ती गळ्याशी जाऊन अडकली ती अडकलीच. खाली येईना.

त्यामुळं दुपारी बंदराजवळच्या हॉटेलात सगळे शर्टावर बसलेले आणि मी एकटी कोटात. घामानं डबडबलेली. वाढणारी पोरगी दोनदा विचारून गेली की कोट ठेवू का. मी राणीच्या थाटात "नो, थँक्यू" म्हटलं. आणि जेवायला काय आलं? दुधात शिजवलेले मासे! चाऊडर म्हणतात त्याला. दूध आणि मासे एकत्र! आमची आई असती तर ताट पालथं घातलं असतं. मी देवाचं नाव घेऊन एक चमचा तोंडात घातला. खोटं कशाला बोलू, फार छान लागलं. पर्समधली खर्ड्याची डबी काढून बोटभर खर्डा कालवला, तर काय विचारता! निखिलनंही वाडगा पुढं केला.

संध्याकाळी त्यानं इथली खासियत म्हणून डोनेर खाऊ घातला. रोटीत मटणाचे पापुद्रे, आणि त्यावर गोड पांढरी चटणी. मटणावर गोड! तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेल्या जिभेला ते काही पटलं नाही. दादानं मात्र डोळे मिटून खाल्लं. पांढरे ओघळ हनुवटीवर.

"हिला पण आवडायचा हा," तो म्हणाला.

निखिलनं माझ्याकडं बघितलं. वहिनी कॅनडात आली तेव्हा दादाला नोकरी टोरांटोला लागली होती. ती हॅलिफॅक्सला कधी आलीच नाही. मी रुमाल काढून दादाची हनुवटी पुसली, लहान पोराची पुसावी तशी, आणि तोही पुसून घेत बसला. तेव्हा मला खरंच भीती वाटली. उद्या शंभर लोकांसमोर याचं हसं झालं तर हा सावरायचा नाही.

मी हळूच म्हटलं, "दादा, उद्या नुसती टोप्यांची गोष्ट सांग. वहिनीचं राहू दे."

"का? ती परकी आहे व्हय?"



दुसरा दिवस, मैदान

सकाळी हॉटेलवाल्या बाईनं साबण लावून माझी चेन सोडवली. नंतर परत लावायची माझी हिंमत होईना, पण बाहेर गेल्याबरोबर आपोआप झाली.

मैदान साधंच. एका बाजूला लाकडी पायऱ्यांचा जुना स्टँड, पलीकडं समुद्र. जमलेले लोक सगळे सत्तरीच्या पुढचे. कुणी काठी टेकत, कुणी नातवंडाच्या हाताला धरून. थर्मास, बिस्किटं, घोंगड्या. हा कार्यक्रम गरम हॉलमध्ये का घेत नाहीत, असं मी विचारलं. कार्यक्रम चालवणारे ॲलन नावाचे उंच आजोबा माझ्याकडं असं बघायला लागले, जणू मी ज्योतिबाची यात्रा डोंगराखाली का भरवत नाही असं विचारलं होतं.

त्यांची रीत मोठी गमतीची आहे. बोलायला उठायचं तर टोपी काढायची. त्या दिवशी टोप्या रेघेवर गेल्या होत्या ना, म्हणून! डोकं उघडं पडलं की कान असे झोंबतात की कुणी लांबण लावत नाही. आपल्याकडच्या सत्कार समारंभांना हा नियम लागू करावा असं माझं स्पष्ट मत झालं. दुसरा नियम असा की पेपरात न आलेली गोष्ट सांगायची, आणि हजर असलेल्यांपैकी कुणीतरी "खरं आहे, मी पाहिलं" म्हणायला पाहिजे.

ॲलन म्हणाले, "आम्ही होतो म्हणणारे सगळे खरंच असते, तर हा स्टँड त्याच दिवशी समुद्रात गेला असता."

म्हणजे टोप्यांची गोष्ट खरी होती! मी आणि निखिल एकमेकांकडं बघतच राहिलो. पन्नास वर्षं आम्ही ज्याला थाप म्हणत होतो, ते इथं प्रत्येकाला पाठ होतं. दादा नुसता मिश्कील हसत होता.

एकेक जण उठला. ॲलनची स्वतःची टोपी त्या रेघेत होती. तो गडी घसरत आला तो तिच्यावरूनच. टोपी बॉलच्या खाली सापडली, म्हणून पंचानं गोल दिला. "माझ्या टोपीनं फायनल जिंकली," ते म्हणाले, आणि चार जणांनी साक्ष दिली. एका आजोबांच्या मिशीचा बर्फ झाला होता. तो काढायला मैत्रिणीनं गरम कॉफीचा कप मिशीला लावला, तर तिच्या हातमोज्यासकट सगळं चिकटलं. पुढं तिच्याशीच लग्न केलं, आणि मिशी पुन्हा ठेवली नाही. आजी शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "खरं आहे. मला सुटताच आलं नाही." सगळे खो खो हसले. मीही हसले, आणि हसताना दात थंड पडतात हे मला पहिल्यांदा कळलं.

मग दादा उठला. कानटोपी काढली. पांढरे विरळ केस वाऱ्यावर उभे राहिले.

हे सगळं इंग्रजीत झालं, मी आपल्या भाषेत सांगते. त्यानं आधी कोल्हापूरच्या फुटबॉलपासून सुरुवात केली. आमच्याकडं बॉल गोल असतो आणि तो पायानं मारतात. इथं आलो तर बॉल नारळासारखा, आणि तो काखेत धरून पळतात! "पहिली दहा मिनिटं मी हँडबॉल, हँडबॉल म्हणून ओरडत होतो." लोक खूश. त्याचे कान लाल झाले होते. मी मनात म्हणत होते, बस दादा, आता बस खाली.

"माझ्याकडं जुन्या साड्यांची गोधडी होती. माझी बायको माझ्या डाव्या बाजूला बसली होती. आम्ही दोघांनी ती पांघरून शेवटपर्यंत मॅच बघितली. एवढंच."

ॲलननी विचारलं, "कुणी पाहिलं?"

कुणीच बोललं नाही. वारा तेवढा वाजत होता. दादा उघड्या डोक्यानं एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. निखिल बुटांकडं बघत होता. पैज तो जिंकत होता, पण त्याचा चेहरा जिंकणाऱ्याचा नव्हता. मी टोपी घेऊन दादाच्या डोक्यावर घालायला उठलेच.

एवढ्यात खालच्या पायरीवरून एक बारकीशी आजीबाई उठली. डोरीन तिचं नाव. तिनं लोकरीची टोपी काढली आणि दादाकडं निरखून बघितलं.

"गोधडी लाल आणि हिरवी होती. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. हा होता. मी याच्या उजव्या बाजूला होते. थंडीनं रडायची वेळ आली होती, तेव्हा यानं मला गोधडीचं टोक दिलं."

टाळ्या पडल्या. निखिलनं मान वर केली. दादानं माझ्याकडं बघून भुवया अशा उडवल्या, की बघ!

"आणि माझी बायको?" त्यानं विचारलं.

डोरीन म्हणाली, "तुझ्या डाव्या बाजूला जागा होती. माझी मैत्रीण कुडकुडत होती, म्हणून मी म्हटलं तिला तिथं बसू दे. तू म्हणालास, नाही, तिथं माझी बायको आहे. आम्हाला वाटलं वॉशरूमला गेली असेल. संपूर्ण मॅच झाली, ती काही आली नाही. आम्ही दोघी हसत होतो, केवढी ती रांग असेल! पण तू सारखा तिकडं वळून तुमच्या भाषेत बोलत होतास. मधूनच बोट करून दाखवत होतास. त्या बाजूची गोधडी सरकली की परत नीट करत होतास." मग ती हळू म्हणाली, "तिथं कुणी नव्हतं. पण तू जागा कुणाला दिली नाहीस. एवढं मी पाहिलं."

दादा खाली बसला. मी त्याच्या डोक्यावर टोपी घातली, कान झाकले.

"सुमे, ही कुठं होती मग?"

"घरी होती, दादा. कोल्हापुरात. माझ्याजवळ."

"नक्की?"

"नक्की. रोज रात्री मला विचारायची, तिकडं आता काय वाजलं असेल गं? मला काय ठाऊक! मी काहीही सांगायची आणि ती खरं मानायची."

त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझ्याही. लाज कसली? त्या थंडीत तेवढंच गरम होतं.

"मग तिकडं वळून एवढ्या थंडीचं मी तिला कशाला सांगत बसलो असेन?" तो म्हणाला. "घाबरली असेल बिचारी." आणि नाक पुसत हसला. मग निखिलकडं वळला. "हरलो रे. लाव घराला पाटी."

"बाबा, तुम्ही होतात. शी सॉ यू. ही पैज नाही धरायची. कॅन्सल. घर नाही विकायचं."

"कॅन्सल-बिन्सल काही नाही. कोल्हापूरचा माणूस हरला की हात मिळवतो. ही शेजारी होती असं कुणी म्हणालं नाही. आणि स्टोव्ह चालू राहतो हेही खरंच आहे. मला रात्री भीती वाटते तिथं. तुला बोललो नव्हतो." त्यानं हात पुढं केला. निखिलनं हात धरला आणि सोडेचना. मोठा बाप्या माणूस, पण रडत होता. "फक्त खिडकी असलेली खोली दे. आणि ते बोंझूर मला जमेल तेव्हा जमेल."

डोरीननं थर्मासमधला चहा ओतून दिला. दूध कमी आणि साखर नाही, पण मी कुरकूर केली नाही. पुढच्या माणसानं टोपी काढली आणि गोष्टी परत सुरू झाल्या. वारा उजवीकडून झोडपत होता, म्हणून आडोशाला मी दादाच्या डाव्या बाजूला जाऊन बसायला लागले.

"तिथं नको," तो म्हणाला. "इकडं बस."

मी उठले आणि वाऱ्याच्या बाजूला बसले.